पंचकोश: 'मी'च्या पाच थरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये योगाचा वर्ग संपतो आणि सतरंज्या गुंडाळता गुंडाळता प्रश्न सुरू होतात. पंचकोश हा शब्द हल्ली शाळेच्या माहितीपत्रकापासून मसाज पार्लरच्या पाटीपर्यंत कुठंही भेटतो, त्यामुळं प्रश्नही वाढलेत. तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढली. मी संस्कृतची पंडित नाही. तैत्तिरीय उपनिषद बरीच वर्षं उशाशी ठेवून वाचते आहे, एवढाच माझा अधिकार. प्रश्नोत्तरांचा घाट मात्र या विषयाला नवा नाही. 'तत्त्वबोध' नावाचं वेदान्ताचं छोटंसं प्रकरण 'पञ्चकोशाः के?' असं स्वतःलाच विचारत आणि लगेच उत्तर देत पुढं सरकतं.

पंचकोश म्हणजे काय, अगदी थोडक्यात?

दिवसभरात तुम्ही 'मी' हा शब्द कशाकशाला लावता ते बघा. 'मी जाड झाले' म्हणताना 'मी' म्हणजे शरीर. 'मला भूक लागलीय', 'मी दमले' यातला 'मी' प्राण. 'मला त्याचं बोलणं लागलं' हे मन. 'मी ठरवलं' ही बुद्धी. आणि गाढ झोपेतून उठून 'काय मस्त झोप लागली!' म्हणतो तेव्हा शरीर, मन, बुद्धी काहीच जाणवत नव्हतं, तरी सुख कुणीतरी भोगलेलं असतं. हे पाच जण म्हणजे अनुक्रमे अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय कोश. वेदान्ताचं म्हणणं असं की यातला प्रत्येक जण 'मी' म्हणून सही करतो, पण खातं त्याच्या नावावर नसतं.

हे मुळात कुठं सांगितलं आहे?

तैत्तिरीय उपनिषदात. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय आरण्यकातले सातवा, आठवा आणि नववा प्रपाठक (म्हणजे अध्याय) म्हणजे हे उपनिषद. त्याच्या तीन वल्ली आहेत: शिक्षावल्ली, ब्रह्मानंदवल्ली, भृगुवल्ली. आपण ते वाचलं नसेल, पण त्याच्या शेजारून रोज जातो. 'मातृदेवो भव' शिक्षावल्लीतलं. गणपतीत आरत्या संपल्यावर घसा ताणून म्हणतो ते 'राजाधिराजाय प्रसह्य साहिने' हेही त्याच आरण्यकाच्या पहिल्या प्रपाठकातलं.

पाच थर दोन ठिकाणी येतात. ब्रह्मानंदवल्लीत गुरू ते क्रमानं समजावतात. भृगुवल्लीत तेच गोष्टीच्या रूपात येतात, आणि मला ही गोष्ट जास्त आवडते. भृगू आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वडील एक खूण सांगतात: ज्यातून हे सगळं जन्मतं, ज्यानं जगतं, ज्यात परत जातं, ते शोध. तप कर. भृगू तप करतो आणि त्याला कळतं, अन्न हेच ब्रह्म. परत येतो. वडील म्हणतात, तप कर. मग प्राण. तप कर. मग मन. तप कर. मग विज्ञान. तप कर. पाचव्यांदा आनंद सापडतो आणि तो परत विचारायला येत नाही.

या गोष्टीत वडील एकदाही 'चुकलं' म्हणत नाहीत. 'अन्न? छे, एवढंच?' असंही नाही. मुलगा उत्तर घेऊन येतो, वडील पुन्हा कामाला लावतात. पुढच्या सगळ्या प्रश्नांना मी जी उत्तरं दिली आहेत, ती याच जागेवरून दिली आहेत: पाचही उत्तरं बरोबर आहेत, फक्त पहिल्या चारांवर थांबायचं नाही.

'कोश' बरोबर की 'कोष'?

दोन्ही चालतं. गंमत अशी की मूळ उपनिषदात या पाचांना कोश म्हटलेलंच नाही. तिथं शब्द आहे 'आत्मा': 'अन्योऽन्तर आत्मा प्राणमयः', म्हणजे आतला दुसरा आत्मा, प्राणमय. 'कोश' हे नाव नंतरच्या वेदान्तानं पक्कं केलं. हा फरक लहान नाही. कोश म्हटलं की म्यान, खोळ, रेशमाच्या किड्याचं कवच आठवतं आणि मन लगेच 'हे काढून टाकायचं' असं म्हणू लागतं. आत्मा म्हटलं की वागणूक बदलते. खोळ फेकता येते, आत्म्याला जरा अदबीनं वागवावं लागतं.

म्हणजे कांद्याचे पापुद्रे, असंच ना?

ही उपमा प्रत्येक शिबिरात ऐकू येते आणि मला ती पटत नाही. कांदा सोलत गेलात तर शेवटी हातात काही राहत नाही, डोळ्यांत पाणी तेवढं राहतं. शिवाय कांद्याचा आतला पापुद्रा बाहेरच्यापेक्षा लहान असतो. उपनिषद याच्या उलट सांगतं. प्राणमयाचं वर्णन झाल्यावर लगेच शब्द येतात, 'तेनैष पूर्णः': आतल्यानं हा बाहेरचा भरलेला आहे. आणि 'स वा एष पुरुषविध एव': तोही माणसाच्याच आकाराचा आहे. म्हणजे प्राण पोटात कुठंतरी बसलेली लहान बाहुली नव्हे. तो बोटाच्या टोकापर्यंत आहे, मन त्या प्राणभर आहे, बुद्धी त्या मनभर. पापुद्र्यापेक्षा पाकात मुरलेला गुलाबजाम जवळचा वाटतो. पाक कुठं आहे असं विचारलं तर बोट कुठं ठेवणार?

शंकराचार्यांनी इथं दिलेली उपमा याहून नेमकी आहे. मुशीत वितळलेलं तांबं ओतलं की ते मुशीचाच आकार घेतं, तसा आतला थर बाहेरच्याचा आकार घेतो. संस्कृत शब्द 'मूषा'. आपण आजही सोनाराच्या मुशीला मूसच म्हणतो.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर सोलण्याची उपमाही आचार्यांनीच दिली आहे, आणि त्यासाठी कांदा नाही, धान्य घेतलं आहे. अनेक तुसांचा कोद्रव कांडून कांडून आतला दाणा काढावा, तसं शास्त्र पाच कोश दूर करून आतलं ब्रह्म दाखवतं, असं ते भाष्यात म्हणतात. कोद्रव म्हणजे कोद्रा, कोकणातला हरीक. ज्यांनी आजीला हरीक कांडताना पाहिलं असेल त्यांना हे लगेच कळेल: एका कांडणीत काम होत नाही, तूस चिवट असतं, आणि एवढं करून शेवटी दाणा निघतो. कांद्यात तो निघत नाही. उपमा निवडताना आचार्यांना स्वयंपाकघर ठाऊक होतं असं म्हणायला हरकत नाही.

उपनिषदात पक्ष्याचं वर्णन का आहे?

प्रत्येक थर पक्ष्यासारखा रंगवला आहे: डोकं, उजवा पंख, डावा पंख, धड आणि शेपूट. शेपटीला 'प्रतिष्ठा' म्हटलं आहे, ज्याच्यावर तो टेकतो ते. यज्ञाची वेदी पक्ष्याच्या आकाराची रचत, त्या जगातलं हे चित्र आहे. पाठ करायला सोपं म्हणूनही ते उपयोगी.

यातल्या दोन जागा बघण्यासारख्या आहेत. विज्ञानमयात श्रद्धा डोकं, ऋत उजवा पंख, सत्य डावा पंख, आणि धड म्हणजे 'योग'. योग हा शब्द या थरांच्या वर्णनात येतो तो इथं, बुद्धीच्या पक्ष्याचं धड म्हणून. आसनांशी त्याचा संबंध नाही. चित्त एकवटणं एवढाच अर्थ. दुसरी जागा आनंदमयाची: प्रिय डोकं, मोद आणि प्रमोद पंख, आनंद धड, आणि शेपटीला 'ब्रह्म'. या शेवटच्या शब्दावरून पुढं शेकडो वर्षं वाद झाला, तो खाली सांगते.

अन्नमय कोश सगळ्यात खालचा, म्हणजे शरीर तुच्छ का?

उलट. भृगूला आनंद सापडला आणि त्यानंतरचं उपनिषदाचं पहिलं वाक्य काय आहे? 'अन्नं न निन्द्यात्। तद्व्रतम्।' अन्नाला नावं ठेवू नयेत, हे व्रत. मग अन्न टाकू नये, अन्न भरपूर पिकवावं, दारी आलेल्या कुणालाही विन्मुख पाठवू नये. सर्वोच्च ज्ञान झाल्यावर माणूस हिमालयात जाईल अशी आपली अपेक्षा असते. हे उपनिषद त्याला स्वयंपाकघरात आणून सोडतं.

'वदनी कवळ घेता' म्हणताना आपण 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणतो, ते भृगूचं पहिलंच उत्तर आहे. शाळेच्या डब्यापुढं हात जोडून हे म्हटलेल्या मुलांना पंचकोशातला पहिला कोश कुणी शिकवायला नको.

'अन्नमय' या शब्दाचा अर्थही शब्दशः घ्यावा. काल रात्री खाल्लेली भाकरी आज तुमचा हात आहे. अजून काही वर्षांनी हा हात मातीचा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या भाकरीचा होईल. अन्न म्हणजे जे खाल्लं जातं आणि जे खातं, अशी दुहेरी व्युत्पत्ती उपनिषद देतं: 'अद्यतेऽत्ति च भूतानि।' यात वैराग्याचा कडवटपणा नाही, सरळ हिशेब आहे.

प्राण म्हणजे श्वास, की ऑक्सिजन?

श्वास ही प्राणाची सगळ्यांत सहज दिसणारी खूण आहे, प्राण त्याहून मोठा. वेदान्तात पाच प्राण मोजतात: श्वासाचा प्राण, खाली उत्सर्गाचा अपान, सर्वांगात फिरणारा व्यान, कंठातून वर जाणारा उदान, आणि पोटात अन्न पचवून सारखं करणारा समान. शरीर चालतं ठेवणारी कामं, असं समजा. ऑक्सिजनशी त्याची जोडी लावू नये. एक रसायनशास्त्रातला शब्द, दुसरा अनुभवातला. जोडी लावली की दोन्हींचं नुकसान होतं.

पंचप्राण पाठ व्हावेत म्हणून वेगळा प्रयत्न लागत नाही. गणपतीला नैवेद्य दाखवताना बघा: ताटाभोवती पाणी फिरवलं जातं, डोळ्यांवर हात जातो आणि भटजी किंवा घरातला कर्ता पुटपुटतो: प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा. मी लहानपणी ते एकच लांब नाव समजायचे, 'प्राणायस्वाहापानाय' असं काहीतरी. पुढं कळलं, अन्न समोर ठेवून प्राणाला हाक मारणं चाललंय, म्हणजे पहिल्या थरातून दुसऱ्यात जाणं. त्याच दिवशी सकाळी मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठाही झालेली असते. माती, मग प्राण. क्रम तोच.

मनोमय आणि विज्ञानमय यांत फरक काय? दोन्ही डोक्यातलंच ना?

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो आणि त्याला मराठी शब्दही जबाबदार आहे. आपण 'विज्ञान' म्हणजे भौतिकशास्त्र, प्रयोगशाळा असं धरतो. इथं विज्ञान म्हणजे निश्चय करणारी समज, बुद्धी.

ताटाचंच उदाहरण घेऊ. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलंय. ताटात डाव्या बाजूला कैरीच्या लोणच्याची फोड आहे, खाराचं तेल वरणाकडं ओघळतंय. तोंडाला पाणी सुटलं ते शरीराचं काम. 'घेऊ? नको. अर्धीच? कालही घेतली होती. पण आज रविवार आहे' ही जी वर-खाली चालते ती मन. संकल्प आणि विकल्प, एवढाच त्याचा धंदा. मग एक क्षण येतो, फोड बाजूला सारली जाते. हे ठरवणारी बुद्धी. आणि लगेच मागून येतं: 'बघ, मी नाही खाल्लं!' हा जो ठरवणारा 'मी', कर्तेपणा मिरवणारा, तो विज्ञानमय. उपनिषद म्हणतं, 'विज्ञानं यज्ञं तनुते। कर्माणि तनुतेऽपि च।' कर्म करतो तो हा.

म्हणून साधकाला मनापेक्षा हा थर जड जातो. मन चंचल आहे हे सगळे कबूल करतात, कारण त्यात कमीपणा वाटत नाही. 'मी रोज पहाटे ध्यान करतो' यातला 'मी' सुद्धा एक कोशच आहे, हे कबूल करायला वेळ लागतो. माझा अजून चालू आहे.

मनोमयाच्या पक्ष्याचे अवयव वेद आहेत: यजुस् डोकं, ऋक् आणि साम पंख. खुद्द वेदानं वेदांना तिसऱ्या थरात ठेवावं आणि त्याच्या आत अजून दोन थर आहेत म्हणावं, याचं मला प्रत्येक वाचनात नवल वाटतं.

आनंदमय कोश म्हणजेच आत्मा ना?

इथंच आचार्यांचे रस्ते वेगळे होतात. 'आनन्दमयोऽभ्यासात्' हे ब्रह्मसूत्रांतलं, म्हणजे उपनिषदांचा अर्थ लावणाऱ्या सूत्रग्रंथातलं, पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं बारावं सूत्र. सरळ वाचलं तर आनंदमय म्हणजे ब्रह्म, असं ते म्हणतं. रामानुजाचार्य तसंच घेतात. शंकराचार्यांना ते पटत नाही. त्यांच्या मते पाचवाही कोशच, आणि ब्रह्म म्हणजे त्या पक्ष्याची शेपूट, ज्यावर तो टेकलाय ते.

भांडण एका प्रत्ययावर आहे: 'मय'. मराठीतही त्याचे दोन अर्थ आपण सहज वापरतो. 'मृण्मय' म्हणजे मातीपासून झालेलं. 'जलमय' म्हणजे पाण्यानं भरलेलं. आनंदमय पहिल्या अर्थानं घेतलं तर तो आनंदापासून बनलेला, म्हणजे विकार, म्हणजे ब्रह्म नव्हे. दुसऱ्या अर्थानं घेतलं तर आनंदानं ओसंडणारा, म्हणजे ब्रह्म होऊ शकतो. अन्नमय म्हणजे अन्नाचा विकार, मग पाचव्या पायरीवर अर्थ अचानक का बदलायचा, असं शंकराचार्य विचारतात. सूत्रकारानं पुढच्याच सूत्रात 'प्राचुर्यात्', म्हणजे 'विपुलतेच्या अर्थानं', म्हणून याचं उत्तर देऊन ठेवलंय, असं दुसरी बाजू दाखवते. मला स्वतःला शंकराचार्यांचा युक्तिवाद व्याकरणापेक्षा अनुभवात जास्त पटतो: जो आनंद प्रिय, मोद, प्रमोद असा कमी-जास्त होतो, तो शेवटचा कसा असेल?

आनंद मोजताही येतो म्हणे?

येतो, आणि हिशेब भारी आहे. एक एकक धरलंय: तरुण, सज्जन, शिकलेला, चपळ, धट्टाकट्टा माणूस, आणि धनानं भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची. हा एक मानुष आनंद. याच्या १०० पट मनुष्यगंधर्वाचा. त्याच्या १०० पट देवगंधर्वाचा. मग पितर, आजानज देव, कर्मदेव, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती, ब्रह्म. दहा पायऱ्या, प्रत्येक १०० पटीची, म्हणजे एकावर वीस शून्यं.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. दहाही पायऱ्यांवर एक शब्द जोडलाय: 'श्रोत्रियस्य चाकामहतस्य।' ज्याला शास्त्र कळलंय आणि ज्याच्यावर इच्छेचा घाव बसलेला नाही, त्याचाही आनंद तेवढाच. इंद्राएवढाच, प्रजापतीएवढाच. शिडी चढायचीच नाही, असा हा हिशेब आहे.

स्थूल, सूक्ष्म, कारण देह आणि कोश यांचा मेळ कसा लावायचा?

अन्नमय म्हणजे स्थूल देह. प्राणमय, मनोमय, विज्ञानमय मिळून सूक्ष्म देह. आनंदमय म्हणजे कारण देह. मांडूक्य उपनिषदाच्या अवस्थांशी जोडलं तर जागृती, स्वप्न, सुषुप्ती. तिथंही गाढ झोपेच्या वर्णनात 'आनन्दमयः' शब्द येतो. मृत्यूनंतर पुढं जातो तो सूक्ष्म देह, त्याचे १७ अवयव वेदान्ती मोजतात: पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी.

मराठी माणसाच्या कानावर मात्र तीनपेक्षा चार देह जास्त आलेले असतात: स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण. दासबोधाच्या सतराव्या दशकात 'तनुचतुष्टय' नावाचा समासच आहे. चौथी अवस्था तुर्या, तिचा देह महाकारण. गेल्या शतकात सिद्धरामेश्वर महाराज आणि त्यांच्या परंपरेतले निसर्गदत्त महाराज यांनी हीच चार देहांची वाट बोली मराठीत समजावली. कीर्तनात, पारायणात वाढलेल्या आजीला पंचकोश सांगायला गेलात तर ती चार देहांची भाषा बोलेल. तिला दुरुस्त करू नका. मोजणी वेगळी आहे, शोध तोच.

पतंजलींच्या योगसूत्रांत पंचकोश कुठं आहेत?

नाहीत. १९५ किंवा १९६ सूत्रं धरा, त्यांत हे पाच थर कुठंही येत नाहीत. पतंजलींची भाषा चित्त, वृत्ती, द्रष्टा, दृश्य अशी आहे आणि तिच्या पाठीशी सांख्य दर्शन उभं आहे, जिथं पुरुष, म्हणजे जाणणारे, अनेक आहेत. वेदान्तात आत्मा एकच. द्रष्टा दृश्याहून वेगळा ओळखायचा, हे दोघांना मान्य. दोन घराणी आहेत. एका मैफलीत गाऊ शकतात, पण हे राग एकाच घराण्याचे असं सांगू नये.

चक्रं आणि कोश एकच का?

नाही. चक्रं तंत्र आणि हठयोगाच्या नकाशातली, कोश उपनिषदातले. 'मूलाधार म्हणजे अन्नमय' अशा जोड्यांचे तक्ते फिरतात ते अलीकडचे.

कोश शुद्ध करून देणारे, ऑराचा फोटो काढणारे कोर्स करावेत का?

पैसे तुमचे. उपनिषदात फोटो नाही, तप आहे.

योगोपचारात पंचकोशांचा उपयोग करतात, तो खोटा का?

खोटा म्हणणार नाही. बंगळुरूच्या एस-व्यासा या संस्थेनं पंचकोशांवर उपचाराची पूर्ण मांडणी उभी केली आहे: शरीरासाठी आसन आणि आहार, प्राणासाठी प्राणायाम, मनासाठी ध्यान, बुद्धीसाठी चर्चा, असं. माणसाकडे नुसतं गुडघा म्हणून न बघता अख्खं बघा, हा त्यातला भाग मला मोलाचा वाटतो. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांची वाट वेगळी होती: आसन, प्राणायाम, क्रिया यांचं शरीरावर काय होतं ते उपकरणांनी मोजायचं. दोन्ही वाटा हव्यात.

फक्त उलटी गल्लत करू नका. आमच्या वर्गातल्या एका काकांनी कुठल्याशा शिबिरात 'तुमची गुडघेदुखी मनोमय कोशातून येतेय' असं ऐकलं आणि आठ महिने डॉक्टर टाळला. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा सांध्यातली फट जवळजवळ मिटलेली. अन्नमयाचं दुखणं आधी अन्नमयात बघावं.

शाळेत 'पंचकोश विकास' म्हणतात तो हाच का?

शब्द तोच, काम वेगळं. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोश आले आहेत, बालकाच्या सर्वांगीण विकासाची चौकट म्हणून: शरीर, प्राण, भावना, बुद्धी, आत्मिक बाजू. मुलांच्या शाळेत हे चांगलंच आहे. उपनिषद मात्र थर विकसित करायला सांगत नाही, त्यातून आत जायला सांगतं. पाच वर्षांच्या मुलानं आधी थर नीट घडवावेत, आत जायला पुढं आयुष्य आहे.

बौद्धांचे पंचस्कंध म्हणजे हेच ना?

आकडा पाच, साम्य वरवरचं. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे स्कंध तपासून बुद्ध म्हणतात, यांत कुठंही आत्मा नाही. वेदान्ती कोश तपासून म्हणतो, यांतला कुठलाही आत्मा नाही. वाक्यं किती जवळची आहेत, आणि निघणारा अर्थ किती लांबचा.

घरी करून बघायचं तर काय करावं?

तत्त्वबोधात एक साधी खूण आहे. 'माझं घर', 'माझी बांगडी' म्हणताना मी घर नाही, बांगडी नाही हे ठाऊक असतं. मग 'माझं शरीर', 'माझे प्राण', 'माझं मन', 'माझी बुद्धी' असंही आपणच म्हणतो. तिथं का थांबतो?

मी वर्गात शवासनात असं घेते. पाठ जमिनीला कुठं कुठं टेकलीय ते बघा: टाचा, पोटऱ्या, माकडहाड, खांदे, डोक्याची मागची बाजू. हे वजन कळतंय. कुणाला कळतंय ते आत्ता शोधू नका, नुसतं कळू द्या. मग श्वास, नाकपुडीशी येताना गार, जाताना कोमट. मग 'आज भाजी काय करायची' हा विचार येईलच. त्याला हाकलू नका, तोही कळतोय. मग 'आता हा विचार सोडायचा' असं ठरवणारा येईल, तोही कळतोय. बहुतेकांना इथं झोप लागते. घोरणं ऐकू आलं की मी हसते आणि त्यांना दहा मिनिटं तशीच देते, पाचव्या कोशाची तेवढी तरी ओळख होते.

पाचही कोश बाजूला केले तर उरतं काय? शून्य?

हा प्रश्न विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात 'पंचदशी'च्या पंचकोशविवेक या तिसऱ्या प्रकरणात घेतला आहे. आक्षेप घेणारा म्हणतो, देहापासून आनंदापर्यंत सगळं अनुभवाला येतं, त्यापलीकडं काहीच अनुभवाला येत नाही. विद्यारण्य म्हणतात, कबूल. पण ही सगळी ज्याच्यामुळं अनुभवाला येतात, त्याला कसं नाकारणार? तो अनुभवाची वस्तू होत नाही, कारण अनुभव तोच आहे.

तर्क नीटस आहे. पण 'मग त्या माणसाचं पुढं काय होतं' हे उपनिषदाच्या शेवटच्या पानावर बघावं. जाणणारा या लोकातून निघतो आणि क्रमानं अन्नमयातून, प्राणमयातून, मनोमयातून, विज्ञानमयातून, आनंदमयातून पार होतो. मग तो हवं ते खात, हवं ते रूप घेत या लोकांतून हिंडतो आणि साम गातो. गाण्याची सुरुवात अर्थ नसलेल्या आलापानं होते, 'हाऽवु हाऽवु हाऽवु'. कुणी खूश होऊन आरोळी मारावी तशी. आणि पुढचे शब्द आत्म्याविषयी नाहीत, ब्रह्माविषयीही नाहीत. तो तीनदा म्हणतो, 'अहमन्नम् अहमन्नम् अहमन्नम्।' मी अन्न आहे. मग तीनदा, 'अहमन्नादः।' मी अन्न खाणारा आहे.